लाग्रांज सुटतो, पण उत्तराचा अर्थ लागत नाही: मध्यम पातळीचं सूक्ष्म अर्थशास्त्र कसं शिकावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सुरुवातीचं सूक्ष्म अर्थशास्त्र आकृत्यांवर निभावलं, आता विकलन आणि लाग्रांज (बजेटसारखं बंधन पाळून सर्वोत्तम उत्तर काढण्याची रीत) आले. गणित सुटतं, पण आलेल्या उत्तराचा अर्थ सांगता येत नाही. आणि जिथे अर्थ कळल्यासारखा वाटतो तिथे गणित मांडता येत नाही. मग आधी काय पक्कं करावं, गणित की समज?

दोन्ही वेगवेगळं शिकायला गेलं की दोन्ही कच्चं राहतं. या विषयातलं जवळपास प्रत्येक समीकरण हे एकाच प्रकारच्या वाक्याचं लघुरूप असतं: आणखी थोडं घेतलं, बनवलं किंवा विकलं, तर काय मिळेल आणि काय जाईल. ते वाक्य समीकरणाशेजारी स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नसेल, तर गणित सुटलं असं धरू नका. हेच वाक्य कधीकधी लागू पडत नाही, आणि नेमक्या त्याच ठिकाणी सूत्रंही चुकीची उत्तरं देतात. परीक्षेत मार्क जातात ते बहुधा तिथेच.

आधी गणिताच्या तयारीचं बोलू. लोक घाबरतात त्यापेक्षा ती कमी लागते, पण जी लागते ती हातात बसलेली हवी: घातांकांचे आणि लॉगचे नियम, वर्गसमीकरण, एका चलाचं विकलन, साखळी नियम, आंशिक विकलन, आणि दोन्ही चलं थोडी हलली तर फलन एकूण किती हलेल याचं सूत्र. संकलन फक्त संतोषाधिक्य (द्यायची तयारी होती आणि प्रत्यक्षात दिले, यांतला फरक) काढताना लागतं. सारणिक, मॅट्रिक्स वगैरे या पातळीवर बाजूला ठेवलं तरी चालेल. विद्यार्थी अडतात ते विकलनात कमी आणि घातांकांत जास्त. √क्ष चं विकलज १ ÷ (२√क्ष) हे डोळे झाकून लिहिता येत नसेल, तर अर्थशास्त्र समजूनही निम्मी उदाहरणं अर्ध्यात राहतील. त्यासाठी आठवडाभर रोज अर्धा तास नुसती बीजगणिताची उजळणी करा. त्यात कमीपणा काही नाही.

आंशिक विकलनाला घाबरण्याचं तर कारणच नाही. "इतर परिस्थिती कायम असताना" हे शब्द पहिल्या धड्यापासून ऐकलेत ना? आंशिक विकलन म्हणजे तेच, चिन्हांत लिहिलेलं.

आता उपभोक्त्याचा प्रश्न. इथे वेळ घालवा, कारण पुढचा निम्मा विषय याच साच्यातून निघतो. दोन वस्तू, क्ष आणि य. उपयोगिता उ = क्ष × य. किंमती अनुक्रमे २ आणि ३, उत्पन्न १२०. लाग्रांज मांडण्याआधी वाक्य लिहा: शेवटचा पैसा कुठल्याही वस्तूवर खर्च केला तरी उपयोगितेत सारखीच भर पडली पाहिजे, तसं नसेल तर एकीकडचा पैसा काढून दुसरीकडे टाकण्यात फायदा आहे. क्षची सीमांत उपयोगिता (आणखी एका नगाने पडणारी भर) य इतकी आणि यची क्ष इतकी. म्हणून वाक्याचं समीकरण झालं य ÷ २ = क्ष ÷ ३. जोडीला बजेट, २क्ष + ३य = १२०. उत्तर क्ष = ३०, य = २०, आणि उ = ६००.

इथे थांबू नका. मुद्दाम एक चुकीचा बिंदू घ्या: क्ष = ३६, य = १६. खर्च १२० च होतो, पण उपयोगिता ५७६. का कमी? या बिंदूवर क्षवरच्या शेवटच्या पैशाने १६ ÷ २ = ८ मिळतात आणि यवरच्या पैशाने ३६ ÷ ३ = १२. पैसा चुकीच्या जागी अडकलाय, तो यकडे वळवायला हवा. समवृत्ती वक्र (सारखीच उपयोगिता देणाऱ्या खरेद्यांचा वक्र) बजेट रेषेला स्पर्श करतो हे आकृतीतलं विधान आणि हे ८ विरुद्ध १२ एकच आहेत. स्पर्श नसेल तिथे वक्र रेषेला छेदून जातो, म्हणजे रेषेवरच सरकून आणखी वरच्या वक्रावर जायला जागा उरते. चुकीच्या बिंदूवर हा हिशोब केल्याशिवाय बरोबर बिंदूचं बरोबरपण कळत नाही.

आता लॅम्डा, म्हणजे लाग्रांज मांडताना बजेटच्या अटीला लावलेला गुणक. बहुतेकांच्या वहीत लॅम्डा हे काट मारून टाकायचं अक्षर असतं. वरच्या उदाहरणात त्याची किंमत १० आहे, कारण २० ÷ २ आणि ३० ÷ ३ दोन्ही १० येतात. अर्थ असा: उत्पन्न एकाने वाढलं तर उपयोगिता साधारण १० ने वाढेल. तपासून बघा. उत्पन्न १२१ केलं तर नवीन सर्वोत्तम खरेदी ३०.२५ आणि सुमारे २०.१७, उपयोगिता ६१०.०४. आता गंमत बघा. जादा मिळालेला तो एक पैसा सगळा क्षवर घातला तर ३०.५ × २० = ६१०. सगळा यवर घातला तरी ३० गुणिले २० पूर्णांक एक-तृतीयांश, म्हणजे ६१०. सगळं नव्याने, सर्वोत्तम रीतीने वाटलं तर ६१०.०४. फरक ०.०४ चा. सर्वोत्तम बिंदूवर आधीच सगळीकडे सारखं मिळत असल्यामुळे छोटा बदल कुठे मुरला याने फरक पडत नाही. एन्व्हलप थिअरम म्हणतात ते हेच. पुस्तकात ते दीड पानाच्या सिद्धतेनंतर येतं आणि पाठ केलं जातं. या तीन आकड्यांत ते दिसतं.

लॅम्डाबद्दल एक सावधगिरी. त्याच उपभोक्त्याची उपयोगिता लॉग घेऊन लिहिली, उ = लॉग क्ष + लॉग य, तर मागणी तीच राहते, ३० आणि २०, पण लॅम्डा १० वरून १/६० वर येतो. उपयोगितेचा आकडा स्वतः काही सांगत नाही, फक्त क्रम सांगतो. म्हणून लॅम्डाच्या आकड्यावरून दोन माणसांची तुलना करणं निरर्थक. सीमांत पर्यायता दर (क्षच्या आणखी एका नगासाठी माणूस यचे किती नग सोडेल तो आकडा) मात्र दोन्ही रूपांत य ÷ क्ष च येतो, म्हणून मागणी बदलत नाही. व्यावहारिक फायदा असा की गुणाकाराची उपयोगिता दिसली की बिनधास्त लॉग घ्या, विकलन चार ओळींऐवजी एका ओळीत होतं.

सूत्र कुठे फसतं, ते आता बघू. उ = ४√क्ष + य, दोन्ही किंमती १. सीमांत वाक्यावरून २ ÷ √क्ष = १, म्हणजे क्ष = ४. उत्पन्न १० असेल तर य = ६, सगळं ठीक. उत्पन्न ३ असेल तर? सूत्र म्हणेल क्ष = ४, य = −१. उणे एक नग कुणी घेत नाही. खरं उत्तर क्ष = ३, य = ०. या बिंदूवर क्षवरच्या शेवटच्या पैशाने २ ÷ √३, म्हणजे सुमारे १.१५ मिळतात आणि यवर १. माणसाला यवरचा पैसा काढून क्षवर टाकायचाय, पण यवर पैसाच उरलेला नाही. म्हणजे "दोन्हीकडे सारखं" हे वाक्य अपुरं होतं. पूर्ण वाक्य असं: जी वस्तू घेतली जाते तिच्यावरच्या शेवटच्या पैशाचं फळ सारखं, आणि जी घेतलीच जात नाही तिचं फळ त्याहून जास्त नाही. कुन-टकर अटी म्हणजे एवढंच. त्यांचं लेखन भीतिदायक असतं, आशय नाही.

दुसरा सापळा: उ = क्ष² + य², किंमती १ आणि १, उत्पन्न १०. लाग्रांज निमूटपणे क्ष = ५, य = ५ देतो, उपयोगिता ५०. सगळं उत्पन्न एकाच वस्तूवर घातलं तर १००. लाग्रांजने बजेट रेषेवरचा सर्वांत वाईट बिंदू शोधून दिला! कारण समवृत्ती वक्र इथे आरंभबिंदूशी बहिर्वक्र नाही, एकाच वस्तूचा साठा जितका जास्त तितकी तिची ओढ वाढते. पहिल्या विकलजाची अट फक्त "इथे चढ-उतार नाही" एवढं सांगते. शिखर की दरी ते सांगत नाही. तिसरा प्रकार ठरलेल्या प्रमाणातल्या वस्तूंचा, उदाहरणार्थ उ = (क्ष, २य) यांतला लहान आकडा. इथे टोकावर विकलन होतच नाही, तरी लोक लाग्रांज मांडून बसतात. टोकावर क्ष = २य, हे बजेटमध्ये घाला, संपलं.

म्हणून कुठलंही उदाहरण हातात आलं की पहिली दोन मिनिटं उपयोगिता फलनाकडे नुसतं बघण्यात घालवा. एखादी वस्तू शून्य असली तर काय होतं? गुणाकार असेल तर सगळी उपयोगिता शून्य होते, म्हणजे कोपऱ्यातलं उत्तर शक्य नाही. बेरीज असेल तर कोपरा शक्य आहे, तपासावाच लागेल. एवढ्या एका निरीक्षणाने पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

किंमतबदलाचे दोन भाग, पर्यायता परिणाम (महागलेली वस्तू सोडून दुसरीकडे वळणं) आणि उत्पन्न परिणाम (महागाईने माणूस गरीब झाल्यामुळे होणारा बदल), हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत जास्त पाठ केला जाणारा आणि सर्वांत कमी कळणारा भाग. स्लुट्स्कीचा मूळ लेख १९१५ चा. हिक्सची पद्धत १९३० च्या दशकात आली. दोघांत फरक आहे तो "माणसाला भरपाई दिली म्हणजे काय" याच्या व्याख्येत, आणि तो आकड्यांतच बघावा. पुन्हा उ = क्ष × य, दोन्ही किंमती १, उत्पन्न ४०. खरेदी २० आणि २०, उपयोगिता ४००. आता क्षची किंमत ४ झाली. खरेदी ५ आणि २०, उपयोगिता १००. क्ष २० वरून ५ वर आली. या १५ ची फोड करायची आहे.

हिक्सची रीत: जुनी उपयोगिता ४०० परत मिळेल एवढे पैसे द्या. नव्या किंमतीला ती सर्वांत स्वस्तात १० आणि ४० नग घेऊन मिळते, खर्च ८०. म्हणजे पर्यायता परिणाम २० वरून १०, उत्पन्न परिणाम १० वरून ५. स्लुट्स्कीची रीत: जुनी खरेदी, २० आणि २०, परवडेल एवढे पैसे द्या. ४ × २० + २० = १००. या १०० मध्ये माणूस क्ष १२.५ घेतो. म्हणजे पर्यायता ७.५, उत्पन्न ७.५. स्लुट्स्कीची भरपाई जास्त उदार आहे, कारण जुनी खरेदी परवडते म्हटल्यावर माणूस तीच घेत बसत नाही, नव्या किंमतींना सोयीची खरेदी करून आधीपेक्षा वरच्या वक्रावर जातो. किंमत चौपट केली म्हणून ही तफावत डोळ्यात भरते. बदल अगदी छोटा केला की दोन्ही रीती एकच होतात, आणि म्हणून विकलनातलं समीकरण एकच आहे. सुरुवातीच्या बिंदूवर तपासा: मागणी क्ष = उत्पन्न ÷ (२ × किंमत), तिचा किंमतीनुसार उतार −२०. उत्पन्नानुसार उतार १/२, त्याला विकत घेतलेल्या २० नगांनी गुणलं की १०. उरला पर्यायता परिणाम −१०. हिक्सच्या रीतीने भरपाई दिलेली मागणी २० ÷ √किंमत आहे, तिचा उतारही −१०. जुळलं.

या समीकरणात गुणक म्हणून घेतलेले नग का येतात, हे विचारलं तर वर्गात शांतता पसरते. किंमत एका पैशाने वाढली तर जितके नग तुम्ही घेता तितके पैसे खिशातून गेल्यासारखं आहे, म्हणून. यातूनच गिफेन वस्तू, म्हणजे किंमत वाढल्यावर जास्त घेतली जाणारी वस्तू, इतकी दुर्मीळ का तेही कळतं. वस्तू उत्पन्न वाढल्यावर कमी घेतली जाणारी हवी, शिवाय बजेटचा मोठा हिस्सा तिच्यावर जायला हवा, आणि वर तिला पर्यायही फारसे नकोत. तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच जमतात.

याच उदाहरणात नुकसानीचं मापही करून घ्या. नव्या किंमतीला जुनी उपयोगिता राखायला ८० लागतात, हातात ४० आहेत; भरपाई ४०. उलट विचारलं, जुन्याच किंमती ठेवून किती पैसे काढून घेतले तर माणूस तितकाच खाली येईल? उपयोगिता १०० साठी जुन्या किंमतींना १० आणि १० नग, खर्च २०. म्हणजे २० काढून घेतले तर. आणि मागणी वक्राखालचं संतोषाधिक्य किती घटलं? २० ÷ किंमत याचं १ ते ४ संकलन, २० × लॉग ४ (नैसर्गिक लॉग), सुमारे २७.७. तीन वेगळी उत्तरं, आणि संतोषाधिक्य दोघांच्या मधे. तिन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. प्रश्नपत्रिकेत कुठला प्रश्न विचारलाय ते न वाचता आठवलेलं सूत्र लावणं ही इथली नेहमीची चूक. वर घेतलेल्या ४√क्ष + य सारख्या उपयोगितेत, यची खरेदी शून्यावर आलेली नसेल तर, तिन्ही आकडे एकच येतात, कारण तिथे क्षवर उत्पन्न परिणामच नसतो.

जाता जाता कॉब-डग्लसबद्दल, म्हणजे वरच्या क्ष × य सारख्या गुणाकाराच्या फलनाबद्दल, एक तक्रार. हे फलन शिकवायला सोपं म्हणून सगळीकडे तेच असतं, आणि त्याने समज बिघडते. त्यात प्रत्येक वस्तूवरचा खर्चाचा हिस्सा कायम राहतो, मागणीची किंमत लवचिकता नेहमी १, उत्पन्न लवचिकता १, आणि एका वस्तूच्या किंमतीचा दुसरीच्या मागणीवर परिणाम शून्य. वरच्या उदाहरणात क्षची किंमत चौपट होऊनही यची खरेदी २० च राहिली, ते यामुळे. प्रत्यक्षात असं फार थोड्या ठिकाणी असतं. कॉब-डग्लसची पाच उदाहरणं झाली की पुरे; मग ४√क्ष + य, पूर्ण पर्यायी वस्तू आणि ठरलेलं प्रमाण यांच्याकडे वळा.

सरावाची रीत सांगतो, ती पुढच्या सगळ्या धड्यांना लागू आहे. सोडवण्याआधी उत्तराची दिशा लिहा: किंमत वाढली तर हे वाढेल की घटेल, आणि का. मग आकृती, मोडकीतोडकी चालेल. मग बीजगणित. शेवटी तीन तपासण्या. सगळ्या किंमती आणि उत्पन्न दुप्पट केलं तर मागणी बदलता कामा नये. बदलली तर कुठेतरी चूक आहे. बजेटमध्ये उत्तर घालून पैसे बरोबर संपतात का ते बघा. आणि शेजारचा एखादा बिंदू घेऊन खरंच तोटा होतो का ते बघा. आधी लिहिलेली दिशा आणि आलेलं उत्तर जुळलं नाही तर खोडरबर हातात घेऊ नका. दोघांपैकी काय चुकलं ते शोधण्यात जो वेळ जातो तोच खरा अभ्यास. तयार उत्तरं अर्धा तास झगडल्याशिवाय उघडू नयेत, आणि उघडली तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर तेच उदाहरण पुन्हा करावं. उत्तर वाचताना "हो, बरोबर" वाटणं म्हणजे सोडवता येणं नव्हे.

मागणीच्या आकृतीत अक्ष उलटे असतात, हे एकदा स्पष्ट करून घ्या. मागणी हे किंमतीचं फलन म्हणून लिहिलं जातं, पण मार्शलच्या १८९० च्या ग्रंथापासून रूढ झालेल्या रिवाजाप्रमाणे किंमत उभ्या अक्षावर असते. नग = ५० − ०.५ × किंमत यात विकलज −०.५, पण आकृतीतल्या रेषेचा उतार −२. लवचिकता काढताना नेमका यातला चुकीचा आकडा घेतला जातो. बाजारमागणी काढताना याचंच दुसरं रूप दिसतं. एकाची मागणी २० − किंमत, दुसऱ्याची १० − किंमत. बेरीज नगांची करायची, किंमतींची नाही. आणि ३० − २ × किंमत हे सूत्र फक्त किंमत १० च्या खाली असतानाच खरं. त्याच्या वर दुसरा माणूस बाजारातच नाही, मागणी २० − किंमत. सूत्र सरसकट लावलं तर दुसऱ्या माणसाची मागणी उणे धरली जाते.

उत्पादकाचा भाग उपभोक्त्याच्या मानाने सोपा, कारण नफा पैशात मोजता येतो. खर्च कमीत कमी करण्याचं गणित उपयोगितेच्याच साच्यातलं आहे, ते पटकन उरका. एक उदाहरण मात्र नीट करा: खर्च = न³ − ६न² + १५न + ३२, न म्हणजे नग. सीमांत खर्च ३न² − १२न + १५. सरासरी बदलता खर्च न² − ६न + १५, तो न = ३ ला सर्वांत कमी, ६. सरासरी एकूण खर्च न = ४ ला सर्वांत कमी, १५. दोन्ही ठिकाणी सीमांत खर्च अनुक्रमे ६ आणि १५ च येतो. येणारच, कारण नवा नग सरासरीपेक्षा स्वस्त असेल तोवर सरासरी खाली येते, महाग झाला की वर जाते.

आता किंमत ९.७५ धरा. किंमत = सीमांत खर्च सोडवलं की दोन उत्तरं येतात, ०.५ आणि ३.५. कुठलं घ्यायचं? ३.५ ला मिळकत ३४.१२५, बदलता खर्च २१.८७५, उरतात १२.२५, ३२ च्या स्थिर खर्चातून ते वजा केल्यावर तोटा १९.७५. उत्पादन बंद ठेवलं तर तोटा पूर्ण ३२. म्हणून तोट्यात असूनही अल्पकाळात चालू ठेवणं शहाणपणाचं. ०.५ ला मात्र मिळकत ४.८७५ आणि बदलता खर्च ६.१२५, तोटा ३३.२५, बंद ठेवण्यापेक्षाही वाईट. तिथे सीमांत खर्च उतरता आहे, म्हणजे पुढचा नग आणखी स्वस्त पडणार असताना आपण थांबलो. मघाचीच दरी, वेगळ्या वेषात. पुरवठा वक्र म्हणजे सीमांत खर्चाचा फक्त चढता भाग, तोही ६ च्या वरचा. हे वाक्य पाठ करण्याऐवजी हे चार आकडे काढा.

दीर्घकालीन सरासरी खर्चाबाबत मोठमोठे फसले आहेत. अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनर यांनी १९३१ च्या आपल्या प्रसिद्ध लेखासाठी आकृत्या काढणाऱ्या वाँग यांना सांगितलं की दीर्घकालीन वक्र प्रत्येक अल्पकालीन वक्राच्या तळबिंदूतून जावा, आणि कुठल्याही अल्पकालीन वक्राच्या वर मात्र जाऊ नये. वाँग गणिती होते. त्यांनी हे अशक्य असल्याचं सांगितलं. कारण सोपं आहे: दोन वक्र एकमेकांना स्पर्श करतात तिथे उतार सारखा असतो. दीर्घकालीन वक्र उतरता असेल तर स्पर्शाच्या जागी अल्पकालीन वक्रही उतरताच हवा, म्हणजे तो अजून तळाला पोचलेला नाही. तळ आणि स्पर्शबिंदू एक होतात ते फक्त दीर्घकालीन वक्राच्या स्वतःच्या तळाशी. नुसत्या समजेवर विसंबण्याची मर्यादा दाखवणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मक्तेदारीत सीमांत प्राप्ती किंमतीपेक्षा कमी का, हे नगानगाने करा. किंमत = १३० − न, प्रत्येक नगाचा खर्च १०. साठावा नग विकायला किंमत ७१ वरून ७० करावी लागते: नवे ७० आले, आधीच्या ५९ नगांवर एकेक गेला, निव्वळ ११. खर्च १०, विका. एकसष्टावा: ६९ आले, ६० गेले, निव्वळ ९. खर्च १०, थांबा. विकलन १३० − २न = १० म्हणतं, न = ६०. तेच.

सामान्य संतुलनात एक गोष्ट हमखास छळते. सगळ्या बाजारांची समीकरणं मांडून सोडवत गेलं की शेवटच्या समीकरणातून ० = ० निघतं आणि विद्यार्थी चूक शोधत बसतो. चूक नाही. प्रत्येकाचं बजेट पुरं खर्च होत असल्याने बाकीचे सगळे बाजार जुळले की शेवटचा आपोआप जुळतो. हाच वालरासचा नियम. म्हणून एक किंमत १ धरा, एक समीकरण सोडून द्या, आणि किंमतींचं गुणोत्तरच उत्तर आहे हे लक्षात ठेवा.

दोन उत्पादकांच्या स्पर्धेत मघाच्या मक्तेदाराची मागणी घ्या: किंमत = १३० − अ − ब, खर्च दोघांचाही नगामागे १०. कूर्नोच्या १८३८ च्या मांडणीत प्रत्येक जण दुसऱ्याचं उत्पादन ठरलेलं धरून आपलं ठरवतो. अचा प्रतिसाद (१२० − ब) ÷ २. दोघे सारखेच, म्हणून अ = ब = ४०, किंमत ५०, नफा प्रत्येकी १६००. इथली ठरलेली चूक म्हणजे दोघे सारखेच आहेत ना, म्हणून विकलनाआधीच अ = ब घालणं. तसं केलं की उत्तर ३० येतं. ते कूर्नोचं नाही, दोघांनी हातमिळवणी केल्याचं उत्तर आहे: तुम्ही अला सांगितलंत की तू हललास की बही तुझ्याबरोबर हलेल. आधी विकलन, मग समानता. अ आधी खेळत असेल तर मात्र उलट, बचा प्रतिसाद अच्या नफ्यात विकलनाआधीच घालायचा, कारण तो प्रतिसाद अला खरोखरच आधी माहीत आहे. उत्तर ६० आणि ३०, नफे १८०० आणि ९००. बीजगणितातल्या पायऱ्यांचा क्रम म्हणजे इथे कोणाला केव्हा काय माहीत आहे याचा क्रम.

आणि दोघे नगांऐवजी किंमती ठरवत असतील, जशी १८८३ मध्ये बर्ट्रांने मांडणी केली, तर विकलन पूर्ण सोडून द्या. किंमत किंचित कमी केली की सगळी मागणी एकदम आपल्याकडे येते, म्हणजे नफ्याचं फलन तिथे तुटलेलं आहे. उतार काढायला जागाच नाही. इथे फक्त वाक्य चालतं: समोरचा खर्चाच्या वर असेल तर त्याच्या किंचित खाली जाण्यात फायदा आहे का? किंमत हवी तितकी बारीक बदलता येत असेल तर फायदा नेहमीच आहे, म्हणून शेवट १० वर. किंमती पूर्णांकांतच ठेवायच्या असतील तर मात्र हिशोब करून बघा. दोघे १२ वर असताना प्रत्येकाला ११८ मिळतात, एकाने ११ केले तर त्याला ११९. निसटता का होईना, फायदा आहे, म्हणून १२ टिकत नाही. दोघे ११ वर असताना प्रत्येकी ५९.५ मिळतात, १० वर उतरलं तर शून्य, १२ वर चढलं तरी शून्य. म्हणून १० सोबत ११ सुद्धा संतुलन आहे.